परक्या घरातले पँथर

पँथर हे नाव आपल्या वस्त्यांना नवे नाही. २९ मे १९७२ रोजी मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली आणि ते नाव अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या ब्लॅक पँथर पक्षावरून घेतले होते, हे चळवळीतल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. पण ज्या दिवसांत आपल्याकडे हे नाव जन्माला येत होते, नेमक्या त्याच दिवसांत मूळ पँथरचे एक घर उत्तर आफ्रिकेतल्या अल्जियर्स शहरात मोडायला लागले होते, हे मात्र फार थोड्यांना माहीत आहे. त्या घराचा कर्ता होता एल्ड्रिज क्लीव्हर.

हा माणूस पुतळा उभारण्याच्या लायकीचा नव्हता, हे आम्ही आधीच सांगून टाकतो. त्याची हकिकत सांगायची ती दुसऱ्याच कारणासाठी. दुसऱ्याच्या मेहेरबानीवर चालणारी चळवळ किती दिवस स्वतःच्या तोंडाने बोलू शकते, हा प्रश्न त्याच्या अल्जियर्समधल्या साडेतीन वर्षांनी विचारला आहे. तो प्रश्न आपल्यालाही सुटलेला नाही.

एल्ड्रिजचा जन्म ३१ ऑगस्ट १९३५ रोजी आर्कान्सा राज्यातल्या वॉबासिका या खेड्यात झाला. पुढे कुटुंब लॉस एंजेलिसला गेले आणि पोरगा वाममार्गाला लागला. तारुण्याची बरीच वर्षे तुरुंगात गेली. १९५८ साली खुनाच्या इराद्याने केलेल्या हल्ल्याबद्दल त्याला मोठी शिक्षा झाली. सॅन क्वेंटिन आणि फॉल्सम या तुरुंगांत त्याने झपाटल्यासारखे वाचन केले आणि लिहायला सुरुवात केली. तेच लेख १९६८ साली ‘सोल ऑन आइस’ या नावाने पुस्तकरूपात आले आणि प्रचंड खपले.

या पुस्तकात त्याने आपण केलेल्या बलात्कारांची कबुली दिली आहे. आधी आपल्याच वस्तीतल्या काळ्या स्त्रियांवर आणि मग गोऱ्या स्त्रियांवर. गोऱ्या स्त्रीवरचा अत्याचार म्हणजे गोऱ्या सत्तेविरुद्धचे बंड, असे तेव्हा आपल्याला वाटत होते, असे तो लिहितो आणि त्याचा पश्चात्तापही सांगतो. पश्चात्ताप केला म्हणून आम्ही ही गोष्ट गाळणार नाही. त्या स्त्रियांची नावे कुठल्याही इतिहासात नाहीत. शोषिताने शोषितावर केलेला अत्याचार बंडाच्या झेंड्याखाली लपवता येत नाही, एवढे इथेच नोंदवून आम्ही पुढे जातो.

डिसेंबर १९६६ मध्ये तो पॅरोलवर सुटला. त्याच्या थोडे आधी, ऑक्टोबर १९६६ मध्ये, ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील या दोघांनी ओकलंड शहरात ब्लॅक पँथर पक्ष काढला होता. पोलीस काळ्या माणसाला रस्त्यात अडवत, मारत, गोळ्या घालत. त्यावर नजर ठेवायला हे तरुण हातात कायदेशीर बंदूक आणि कायद्याचे पुस्तक घेऊन रस्त्यावर उभे राहत. एल्ड्रिज त्यांच्यात सामील झाला आणि पक्षाचा माहितीमंत्री झाला. डिसेंबर १९६७ मध्ये त्याने कॅथलीन नील हिच्याशी लग्न केले. ती स्वतः विद्यार्थ्यांच्या नागरी हक्क चळवळीतून आलेली कार्यकर्ती होती.

४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन लूथर किंग यांचा खून झाला. दोनच दिवसांनी ओकलंडमध्ये पँथर आणि पोलीस यांच्यात चकमक झाली. त्यात १७ वर्षांचा बॉबी हटन मारला गेला आणि एल्ड्रिज जखमी झाला. खटला सुरू झाला, पॅरोल रद्द होण्याची पाळी आली. त्याच वर्षी पीस अँड फ्रीडम पक्षातर्फे तो अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला. वय होते ३३, घटनेची अट ३५ वर्षांची! निवडून येण्याचा प्रश्नच नव्हता, पण प्रचार झाला. नोव्हेंबर १९६८ च्या अखेरीस तुरुंगात हजर व्हायचे होते. तो हजर झाला नाही. कॅनडामार्गे क्युबाला पळाला.

क्युबाने त्याला ठेवून घेतले, पण गुपचूप राहण्याच्या बोलीवर. काही महिन्यांतच एका वार्ताहराने त्याला हवानात शोधून काढले. झाले! पाहुणा जड झाला. १९६९ च्या उन्हाळ्यात क्युबाने त्याला विमानात बसवून अल्जियर्सला रवाना केले. एका घराने दार लावले म्हणून दुसऱ्या घराची पायरी चढावी लागली. हे पहिले दार पुढच्या सगळ्या दारांची सूचना होती.

अल्जियर्सच का? अल्जेरियाने १३२ वर्षांची फ्रेंच गुलामी भोगली आणि १९५४ ते १९६२ असे रक्तबंबाळ युद्ध करून स्वातंत्र्य मिळवले. त्यानंतर या देशाने जगभरच्या मुक्तिलढ्यांना आपले दार उघडले. दक्षिण आफ्रिकेची आफ्रिकन नॅशनल काँग्रेस, अंगोला आणि मोझांबिकचे लढवय्ये, पॅलेस्टिनी संघटना, दक्षिण व्हिएतनामची मुक्ती आघाडी अशा सगळ्यांच्या कचेऱ्या त्या शहरात होत्या. शिवाय १९६७ च्या अरब-इस्राएल युद्धानंतर अल्जेरियाने अमेरिकेशी राजनैतिक संबंध तोडले होते. ते १९७४ पर्यंत तुटलेलेच राहिले. अमेरिकेचा वकीलच तिथे नव्हता. फरारी अमेरिकन माणसाला याहून सुरक्षित जागा कुठली?

पण सुरक्षित जागा म्हणजे आपली जागा असे होत नाही. एल्ड्रिज आला तेव्हा एका साध्या हॉटेलात उतरला. कॅथलीनचे दिवस भरत आले होते. फ्रेंच येत नव्हते, अरबीचा तर गंधही नव्हता. बाजारात अरबी, कचेरीत फ्रेंच, आणि या माणसाची सारी ताकद त्याच्या इंग्रजी वाणीत! अमेरिकेत हजारोंची सभा हलवणारा वक्ता इथे साधा अर्ज लिहायला दुसऱ्याचे तोंड पाहत होता. ते तोंड मिळाले एलेन मोख्तेफी यांच्या रूपाने. एलेन या न्यूयॉर्कमध्ये ज्यू कुटुंबात जन्मलेल्या अमेरिकन बाई; १९६२ पासून अल्जियर्समध्ये राहून नव्या सरकारच्या कचेऱ्यांत काम करत होत्या. झिंबाब्वेच्या लढ्याच्या एका प्रतिनिधीने त्यांना निरोप दिला की क्लीव्हर शहरात आला आहे आणि त्याला मदत हवी आहे. तेव्हापासून दुभाषी, मध्यस्थ, अर्ज लिहिणाऱ्या, अडचण आली की धावणाऱ्या त्याच.

जुलै १९६९ मध्ये अल्जियर्समध्ये पॅन-आफ्रिकन सांस्कृतिक महोत्सव भरला. साऱ्या आफ्रिका खंडातून कलावंत आले. मिरियम मकेबा आल्या. पँथरना शहराच्या मुख्य रस्त्यावर एक जागा मिळाली. तिथे चित्रकार एमरी डग्लस यांची चित्रे लागली आणि अल्जेरियन पोरे काचेला नाक लावून ती बघू लागली. अक्षरे कळत नव्हती, पण डुकराच्या तोंडाचा पोलीस आणि मुठी आवळलेली माय कुणालाही कळत होती. याच गर्दीत, २९ जुलैला, कॅथलीनने मुलाला जन्म दिला. त्याचे नाव मॅसिओ. विल्यम क्लाइन या दिग्दर्शकाने त्या दिवसांत एल्ड्रिजवर एक माहितीपट केला. त्यात तो अल्जियर्सच्या गल्ल्यांतून फिरताना दिसतो आणि खोलीत बसून तासन्‌तास बोलताना दिसतो. बोलतो ते सगळे अमेरिकेबद्दल. पाय अल्जियर्समध्ये आणि तोंड ओकलंडकडे!

१९७० साली सरकारने पँथरना मुक्तिलढ्याचा रीतसर दर्जा दिला. एल बिआर या टेकडीवरच्या भागात एक बंगला मिळाला. आधी तिथे दक्षिण व्हिएतनामच्या मुक्ती आघाडीचे लोक राहत. टेलिफोन आला, टेलेक्स आला. अल्जेरियाची ओळखपत्रे मिळाली. येण्याजाण्याला व्हिसाची अट राहिली नाही. दरमहा खर्चाला रोख रक्कम मिळू लागली. सप्टेंबर १९७० मध्ये पक्षाच्या आंतरराष्ट्रीय विभागाचे उद्‌घाटन झाले. फरारी झालेले, तुरुंग फोडून आलेले, विमान पळवून आलेले असे हळूहळू तीसएक जण बायकापोरांसह तिथे जमले. डोनाल्ड कॉक्स यांच्यासारखा शिस्तीचा माणूस संरक्षण सांभाळत होता. रात्री टेलिफोन चाले, कारण इकडे रात्र असते तेव्हा तिकडे कॅलिफोर्नियात दिवस असतो. पक्षाचे पत्रक टेलेक्सवरून जाई, युरोपातले विद्यार्थी आणि वार्ताहर भेटीला येत, कोरियाच्या आणि व्हिएतनामच्या वकिलातींत जेवणाची निमंत्रणे येत. एल्ड्रिज शिष्टमंडळ घेऊन उत्तर कोरिया, उत्तर व्हिएतनाम आणि चीनला जाऊन आला. त्याची मुलगी जोजू हिचा जन्म जुलै १९७० मध्ये प्याँगयांगला झाला.

आता या थाटाकडे वकिलाच्या नजरेने पाहा. बंगला कुणाचा? सरकारचा. टेलिफोन कुणाचा? सरकारचा. ओळखपत्र कुणी दिले? सरकारने. महिन्याचा खर्च कुणाचा? सरकारचाच. यातले एकही कलम कोर्टात मागता येणारे नव्हते. कायद्यात हक्क आणि सवलत यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. हक्क काढून घ्यायचा तर कारण द्यावे लागते, नोटीस द्यावी लागते, बाजू ऐकावी लागते. सवलत काढून घ्यायला कुणाचा तरी नुसता मूड बदलावा लागतो. अल्जेरियाचे अध्यक्ष हुआरी बुमेदियन १९६५ साली लष्करी उठावाने सत्तेवर आले होते. पाहुण्यांनी दाद मागावी असे स्वतंत्र कोर्ट तिथे नव्हते. आपण पाहुणे आहोत, हे एल्ड्रिज विसरला की त्याला ते कधी कळलेच नाही, हे सांगणे कठीण आहे.

पाहुण्यांचे वागणेही पाहुण्यासारखे राहिले नाही. अल्जेरिया हा युद्धातून उठलेला, काटकसरीने जगणारा देश. लाखोंनी माणसे गमावलेली. बाया पांढरे हाईक अंगभर लपेटून बाजाराला जात. त्या समाजात या अमेरिकन पाहुण्यांच्या भारी गाड्या, बंदुका, रात्रीच्या मेजवान्या डोळ्यांत खुपू लागल्या. पैसा कमी पडला तेव्हा युरोपातून चोरीच्या गाड्या आणि बनावट पासपोर्ट यांचा धंदा झाला, असे एलेन मोख्तेफी यांनी २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत लिहिले आहे. आपल्याच एका सहकाऱ्याचा खून केल्याची कबुली एल्ड्रिजने आपल्याजवळ दिली, असेही त्यांनी लिहिले आहे. त्याचा खटला कधी चालला नाही, म्हणून आम्ही निकाल देत नाही. पण ज्या घरात बंदूक आहे आणि जबाबदारी विचारणारी सभा नाही, त्या घरातल्या अशा गोष्टी बाहेर यायला पन्नास वर्षे लागतात, हे खरे.

त्यातच १९७० च्या शरद ऋतूत टिमोथी लिअरी येऊन थडकला. अमली पदार्थांचा प्रचार करणारा हा गोरा प्राध्यापक कॅलिफोर्नियाचा तुरुंग फोडून पळाला होता. क्रांतीच्या घरात नशेचा पुजारी! अल्जेरियन सरकारला याचे उत्तर काय द्यायचे? जानेवारी १९७१ मध्ये एल्ड्रिजने त्याला चक्क नजरकैदेत ठेवले. म्हणजे दुसऱ्याच्या देशात पाहुणे म्हणून राहणारे लोक स्वतःच लोकांना अटक करू लागले. यजमानाच्या कपाळाला आठी पडणारच.

खरा घाव मात्र घरातून बसला. २६ फेब्रुवारी १९७१ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या टीव्ही कार्यक्रमात ह्यूई न्यूटन बसला होता आणि अल्जियर्सहून एल्ड्रिज टेलिफोनवर होता. एकजूट दाखवायची म्हणून हा कार्यक्रम ठरला होता. एल्ड्रिजने साऱ्या जगासमोर पक्षाच्या नेतृत्वावर हल्ला चढवला. न्यूटनने त्याला आणि साऱ्या आंतरराष्ट्रीय विभागाला पक्षातून काढून टाकले. पुढच्या दोन महिन्यांत दोन्ही गटांचे कार्यकर्ते गोळ्यांना बळी पडले. अमेरिकेच्या एफबीआयने दोघांनाही खोटी पत्रे पाठवून एकमेकांविरुद्ध भडकवले होते, हे पुढे १९७६ साली सिनेटच्या चौकशी समितीने उघड केले. शत्रूने खोटी पत्रे लिहिली, हे खरेच. पण ती पत्रे खरी वाटावीत इतका अविश्वास घरात आधीच साठला होता, हेही तितकेच खरे. समुद्रापलीकडे बसलेल्या माणसाला आपल्या माणसांचे तोंड दिसत नाही. त्याला फक्त पत्र दिसते.

पक्ष गेला, आता उरला फक्त बंगला. तोही १९७२ च्या उन्हाळ्यात हलला. आपल्याकडे मुंबईत दलित पँथर स्थापन होऊन आठवडाही झाला नव्हता. ३ जून रोजी रॉजर होल्डर हा व्हिएतनाम युद्धातला माजी सैनिक आणि त्याची साथीदार यांनी पळवलेले विमान अल्जियर्सला उतरले. त्यांच्याजवळ ५ लाख डॉलरची खंडणी होती. १ ऑगस्टला दुसरे विमान आले. पाच मोठी माणसे, तीन लेकरे आणि १० लाख डॉलर. एल्ड्रिजला वाटले, क्रांतीचा खजिना आला. सरकारने दोन्ही वेळा पैसा ताब्यात घेतला आणि अमेरिकेला परत पाठवला.

अल्जेरियाची बाजूही ऐकली पाहिजे. या देशाने १९७१ साली फ्रेंच तेल कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण केले होते आणि त्याला नवे गिऱ्हाईक हवे होते. अमेरिकेतल्या एल पासो कंपनीशी नैसर्गिक वायूचा मोठा करार झाला होता. लाखो भुकेल्या माणसांचे पोट एका पारड्यात आणि तीस पाहुण्यांचा खजिना दुसऱ्या पारड्यात. कुठलाही राज्यकर्ता काय निवडेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

एल्ड्रिजने बुमेदियन यांना जाहीर पत्र लिहिले. क्रांती पैशाशिवाय होत नाही आणि तो पैसा क्रांतीचा आहे, असा त्याचा दावा होता. ज्याच्या घरात राहतो त्या घरधन्याला चारचौघांत जाब! उत्तर लगेच आले. पोलिसांनी बंगल्याला वेढा घातला, हत्यारे उचलली, टेलिफोन आणि टेलेक्स तोडला. एका दुपारी आंतरराष्ट्रीय विभाग मुका झाला. ज्या तारेवरून जगाशी बोलत होतो ती तार आपली नव्हती, हे तेव्हा कळले. पीट ओनील यांच्यासारखे काही टांझानियाला गेले, काही युरोपात पांगले. जानेवारी १९७३ मध्ये एल्ड्रिज बनावट पासपोर्टवर फ्रान्सला निसटला. एलेन मोख्तेफी यांनी त्या देशाची १२ वर्षे सेवा केली होती. एका मैत्रिणीवर पाळत ठेवून खबरा द्यायला त्यांनी नकार दिला, तेव्हा १९७४ साली त्यांनाही देशाबाहेर काढण्यात आले. सवलत ती सवलतच!

पुढचे लवकर सांगतो. नोव्हेंबर १९७५ मध्ये एल्ड्रिज अमेरिकेला परतला आणि पोलिसांच्या स्वाधीन झाला. तो पुनर्जन्म झालेला ख्रिस्ती झाला, मग मॉर्मन पंथात गेला, मग रिपब्लिकन पक्षात जाऊन रेगन यांचा पाठीराखा झाला. व्यसनानेही त्याला गाठले. १ मे १९९८ रोजी वयाच्या ६२ व्या वर्षी तो कॅलिफोर्नियात मरण पावला. ज्याला सतत कुणाच्या तरी ओसरीवर राहण्याची सवय लागते, त्याला शेवटी शत्रूची ओसरीही चालते, असे आम्हाला त्याच्या आयुष्याकडे पाहून वाटते.

पण अल्जियर्सच्या त्या घरात आणखी एक माणूस होते. कॅथलीन. परक्या शहरात बाळंत झाली, दोन लेकरे सांभाळत पक्षाचा पत्रव्यवहार केला, फुटीनंतर विखुरलेल्यांना जोडत राहिली. १९८७ साली घटस्फोट झाला. त्याआधीच ती पुन्हा शिकायला बसली होती. १९८९ साली येल विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली. जेरोनिमो प्रॅट हा पँथर कार्यकर्ता खुनाच्या खोट्या आरोपाखाली तुरुंगात सडत होता. त्याच्या सुटकेच्या लढाईत ती वकिलांच्या फळीत उभी राहिली. २७ वर्षांनी, १९९७ साली, तो सुटला. एल्ड्रिजच्या बंदुकीने जे झाले नाही ते चिकाटीने लढवलेल्या कागदाने झाले. वकील म्हणून आम्हाला याचा अभिमान वाटला, तर तो पक्षपात समजू नये.

आपला याच्याशी संबंध काय? दलित पँथरही दोनच वर्षांत, १९७४ साली, फुटली. ती का फुटली यावर आपल्याकडे भरपूर लिहिले गेले आहे; आम्ही त्यात भर घालत नाही. आमचा मुद्दा घराचा आहे. मदत घेऊच नये, असे आम्ही म्हणणार नाही. १९२० साली ‘मूकनायक’ निघाला तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती आणि बाबासाहेबांनी ती घेतली. पण ‘मूकनायका’त काय छापायचे, हे कोल्हापूरच्या दरबारात ठरत नव्हते. पुढे बाबासाहेबांनी स्वतःचा छापखाना उभा केला, शिक्षण संस्था उभी केली, आणि गोरगरिबांकडून आणा-आणा वर्गणी घेतली. वर्गणी देणारा माणूस हिशेब विचारतो. त्या हिशेबातच चळवळीची लोकशाही असते. एल्ड्रिजला हिशेब विचारणारे अल्जियर्समध्ये कुणी नव्हते. होता तो फक्त पैसे देणारा.

म्हणून कार्यकर्त्यांना आमची विनंती साधी आहे. येत्या रविवारी आपल्या विहाराचे, ग्रंथालयाचे, वसतिगृहाचे कागद काढून बसा. जागा कुणाच्या नावावर आहे? भाडेपट्टा आहे की एखाद्या आमदाराचा तोंडी शब्द? संस्थेची नोंदणी चालू आहे का, बदल अर्ज दाखल झालेत का? विजेचे बिल कुणाच्या नावाने येते? बँकेच्या खात्यावर सह्या कुणाच्या आहेत? ज्या ओळीपुढे दुसऱ्याचे नाव सापडेल, ती ओळ आधी दुरुस्त करा. नाहीतर वेळ येईल तेव्हा पोलिसांचा वेढाही लागणार नाही. नुसता एक फोन येईल आणि दिवा विझेल.